आबांचे चार कप्पे आणि इतर

देवाने पृथ्वीवरचे प्राणी निर्माण केले तेव्हा मोजदादीला आमचे घरमालक आबा बसले असणार, आणि त्यांची सही झाल्याशिवाय एक मुंगीसुद्धा खाली सोडली गेली नसणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डेपोने त्यांना सोडलं, त्यांनी डेपोला सोडलेलं नाही. कामशेतजवळच्या त्यांच्या घरात जी वस्तू जागची हलत नाही तिच्यावर पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. मांडणीवर ‘पेले, स्टील, लहान’. कोनाड्यात ‘देव, पितळी, पाच’. अंगणात तुळशीच्या बुंध्याला ‘तुळस, एक’. मांजराच्या गळ्यातही एकदा चिठ्ठी बांधली होती, पण मांजर शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जाऊ लागलं, रोजचा साठा जुळेना, म्हणून तो प्रयोग बंद पडला. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणतात, “माज्या गळ्यात तेवढी अडकवायची ऱ्हायलीया. मंगळसूत्र हाय म्हनून जागा गावली न्हाई ह्यास्नी.”

मी नांदेडकडचा. माझं शिक्षण आठवी, तीही सहामाहीपर्यंतच. गणिताच्या सरांनी एकदा फळ्यापाशी बोलावलं, माझे पाय लटपटायला लागले, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवशी मी दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. पुढे गावात काही जमेना म्हणून एका ओळखीच्या माणसाचा फोन नंबर खिशात घेऊन मावळात आलो आणि गुलाबाच्या पॉलिहाऊसवर कामाला लागलो. काम मिळालं, खोली मिळेना. एकटा माणूस, लांबचा, ओळख ना पाळख. लोक दार अर्धं उघडायचे आणि पूर्ण लावायचे. आबांनी पूर्ण उघडलं आणि एकच प्रश्न विचारला, “सापाला भितोस का रं?” खरं सांगायचं तर मी सगळ्यालाच भितो. साप, विंचू, पोलीस, लिफ्ट, अनोळखी नंबर, आणि ‘जरा बोलायचंय तुझ्याशी’ हे वाक्य. मी घाबरत घाबरत म्हणालो, “भितो जी.” आबा खूश झाले. “बरा हायेस. न भिनारा मानूस पाय कुटं टाकतोय त्ये बघत न्हाई. ये आत.” अशी मला मागची खोली मिळाली. तिच्या दारावर आधीपासूनच चिठ्ठी होती: ‘खोली, मागील, सापांचे सामान’. सापांचं सामान म्हणजे एक आकड्याची काठी, चार कापडी पिशव्या आणि एक पावतीपुस्तक. मी त्यांच्याशेजारी गादी टाकली. पहिले पंधरा दिवस मी बूट घालण्याआधी तीनदा झटकत होतो, आणि बूट घातल्यावर पुन्हा काढून एकदा. रोज संध्याकाळी कामावरून आलो की ओट्यावरून आबांचा आवाज यायचा, “करमतंय का?” मी म्हणायचो, “हो जी.” ते साफ खोटं असायचं, आणि ते आबांना कळायचं, कारण त्यानंतर मावशी आतून काहीतरी गरम आणून माझ्यापुढे ठेवायच्या.

आबा साप पकडतात. पकडतात म्हणजे वनखात्याकडून रीतसर शिकून, त्यांच्या माणसाला फोन करून, आणि मग जंगलात नेऊन सोडतात. पण त्यांचं खरं प्रेम पकडण्यावर नाही, वर्गवारीवर आहे. मी राहायला आलो त्याच दिवशी, मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला असेल नसेल, आबांनी माझ्यासमोर चार पेले उपडे मांडले. “सरपटनारे प्रानी. डेपो येक, कप्पे चार. कुनाला बी आत घ्यायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या. अंगावर खवलं हायत का? हायत. फुप्फुसानं श्वास घेतोय का? घेतोय. अंगात सोताची शेगडी हाय का?”

“आहे?” मी म्हणालो.

“न्हाई! आपल्याला हाय, कोंबडीला हाय, ह्येंना न्हाई. ह्येंना ऊन मिळालं तर काम चालू. ऊन न्हाई, काम बंद. म्हनून सकाळी दगडावर पसरल्यालं असत्यात. लोकास्नी वाटतं आळशी. आळशी न्हाई, ऊन भरून घेत्यात.”

मग पहिला पेला उचलला गेला. कासवं. यांची ढाल फासळ्यांनाच जोडलेली असते, काढून बाजूला ठेवता येत नाही. चित्रात कासव कवचातून बाहेर पडून पळताना दाखवतात तो आबांच्या मते फौजदारी गुन्हा आहे. दुसरा पेला, मगर आणि सुसर. दिसायला सरड्याची थोरली बहीण, पण जवळचं नातं पाखरांशी. हे ऐकून माझा घास हातातच राहिला. तिसरा पेला सगळ्यात मोठा, कारण तो मावशींचा ताक घुसळायचा गंज होता. “ह्यो कप्पा लय भरल्याला. साप, सरडे, घोरपडी, सापसुरळ्या आनि इतर. साप म्हंजे काय? पाय गेल्याला सरडा. येकाच घरातली मंडळी.” चौथा पेला मात्र त्यांनी हळूच उचलला, देवघरातला असल्यासारखा. “आनि ह्यो टुआटारा. न्यूझीलंडात. समुद्रातल्या बारक्या बारक्या बेटांवर. सरड्यावानी दिसतो, पर सरडा न्हाई. ह्येच्या कप्प्यातलं बाकीचं सगळं कवाच संपलं. येवढा येकच ऱ्हायला.” आणि चारही पेले पुन्हा उपडे होऊन मांडणीवर गेले. माझी भाकरी तोवर वातड झाली होती.

ही वर्गवारी फक्त प्राण्यांपुरती राहिली असती तर ठीक होतं. पण आबा माणसंही त्याच कप्प्यांत टाकतात. मावशींचे भाऊ कासव. प्रश्न विचारला की मान आत. गावात जमिनीचे व्यवहार करणारे एक गृहस्थ मगर. पाण्यावर फक्त डोळे, बाकी सगळं खाली. स्टँडवरचा चहावाला सरडा, समोर ज्या पक्षाची गाडी उभी राहील तसा त्याचा रंग. मावशींनी एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं, “आनि मी कुटल्या कप्प्यात वो?” आबांनी पावतीपुस्तक चाळून पाहिलं. मग म्हणाले, “तू कप्प्यात न्हाईस. किल्ल्या तुज्याकडं हायत.” त्या दिवशी जेवायला गोड होतं.

चुकीची माहिती मात्र त्यांना पोटात कळ आल्यासारखी लागते. एकदा आम्ही एसटीने लोणावळ्याला निघालो होतो. मागच्या बाकावरचा एक माणूस बायकोला म्हणाला की साप दूध पितो आणि पुंगीवर डोलतो. आबा वळले. सापाला दूध पचत नाही, बाहेरून कान नाहीत, तो पुंगीच्या सुरावर नाही, पुंगीच्या हालचालीवर डोलतो, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा कार्ला फाटा गेला. लोणावळा आलं तेव्हा ते नागपंचमीपर्यंत पोचले होते. तो माणूस खंडाळ्याला उतरला म्हणून आम्हीही खंडाळ्याला उतरलो, आणि तो अक्षरशः हात जोडून “पटलं, काका, पटलं” म्हणाला तेव्हा आम्ही मागे फिरून चालत लोणावळ्याला आलो. ज्या दुकानात जायचं होतं ते बंद झालं होतं. आबा म्हणाले, “दुकान उद्या उगडंल. त्यो मानूस परत कुटं गावला असता?”

त्यांची साप पकडायची पद्धत तर अख्ख्या मावळात दुसऱ्या कुणाची नसेल. साप न्यायच्या आधी ते त्या घरच्या माणसांकडून पावतीवर सही घेतात. घरातली मंडळी कॉटवर, म्हातारी टेबलावर, साप कणगीमागे, आणि आबा मधोमध उभे राहून लिहिताहेत: ‘नाग, एक, लांबी अंदाजे, स्थिती वापरलेली’. सापाने नुकतीच कात टाकली असेल तर ‘स्थिती नवीन’. “आबा, आधी धरा की वो त्याला!” म्हातारी टेबलावरून ओरडते. “नोंद झाल्याबिगर माल हलत न्हाई, आजी. सही करा.” आणि म्हातारी टेबलावरूनच वाकून अंगठा देते. गंमत म्हणजे तेवढ्या वेळात सगळे शांत होतात. काठ्या खाली येतात. ज्याची पावती फाटते आहे त्या वस्तूला माणूस सहसा मारत नाही.

मलाही त्यांनी एकदा टाकीवरून खाली उतरवलं. पॉलिहाऊसमध्ये पाण्याच्या नळीखाली काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला आणि मी पाण्याच्या टाकीवर गेलो. कसा गेलो ते आजतागायत कळलेलं नाही, कारण त्या टाकीला शिडी नव्हती. तिथून फोन लावला.

“आबा, मला लय भ्याव वाटू लालंय.”

“भी की. कोन न्हाई म्हनतंय? पट्टे कुटनं चालू होत्यात? मानंपास्नं का मागनं?”

“मानेपासून. शेपटीकडं पुसट हायत.”

“मग कवड्या आसंल. बिनविषारी. मन्यार आसती तर पट्टे मागनं चालू झालं असतं. तरी बी हात लावू नगंस, मी बघितल्याबिगर काय बी खरं न्हाई. थांब तितंच.”

ते आले. कवड्याच होता. आबांनी पावती फाडली, मी टाकीवरून सही केली.

असा हा माणूस. नागाशी बोलताना ‘या, बसा’ म्हणणारा. पण एक गोष्ट माझ्या मनात पहिल्या दिवसापासून टोचत होती. तिसऱ्या कप्प्याची यादी ते नेहमी ‘आणि इतर’ म्हणून संपवायचे. एकदा विचारलं, “आबा, इतर म्हणजे कोण?” “इतर म्हंजे इतर. डेपोत बी असतो येक कप्पा.” आणि विषय कासवांवर गेला. सगळ्या जगाच्या नावाची चिठ्ठी लिहिणारा माणूस कुणाला तरी ‘इतर’ म्हणतो, हे मला पटेना.

त्याचा उलगडा एका रविवारी दुपारी झाला. न्हाणीघरातून असा आवाज आला की मला वाटलं गिझर फुटला. धावत गेलो तर आबा स्टुलावर उभे, कमरेला पंचा, डोक्यावर बादली. समोरच्या भिंतीवर अर्ध्या बोटाएवढी एक पाल. ती बिचारी आबांपेक्षा जास्त घाबरलेली दिसत होती. मावशी दाराशी केरसुणी घेऊन शांतपणे उभ्या होत्या. “दर साली येकदा हुतं आसं,” त्या म्हणाल्या. “लानपनी ताटात पडली हुती म्हनं. तवापास्नं.”

आता, जगात मी ज्यांना भितो त्यांची यादी वर दिलीच आहे. त्या यादीत पाल नाही. आमच्या घरी पत्र्याखाली इतक्या पाली असायच्या की मी त्यांना नावं ठेवली होती. मी वर्तमानपत्राची सुरळी केली, तिला त्यावर घेतलं आणि पेरूच्या झाडावर सोडून आलो. आयुष्यात पहिल्यांदाच दुसरा कुणीतरी भीत होता आणि मी भीत नव्हतो. ती भावना इतकी नवीन होती की मी हात धुवायचंही विसरलो.

आबांनी त्या दिवशी मला ओट्यावर बोलावून घेतलं. मग म्हणाले, “पोरा, ह्ये बाहीर बोलू नगंस. माजी लाज न्हाई रं. मी हसूनच घेईन. पर हितं आदी साप दिसला का काठी. आता फोन करत्यात. का करत्यात? त्यास्नी वाटतं, आबा कुनालाच भीत न्हाई. उद्या कळलं का आबा पालीला बघून स्टुलावर चढतो, लोक हसत्याल. आनि ज्याला हसत्यात त्याला बलवत न्हाईत. फोन बंद, काठी चालू.”

मी शपथ घेतली. त्या दिवसापासून घरात कामाची वाटणी झाली. साप त्यांच्याकडे, इतर माझ्याकडे. आबांच्या आंघोळीआधी मी न्हाणीघराची पाहणी करायची आणि “मोकळं आहे” असं मोठ्याने सांगायचं. आजवर मला कुणी एवढी मोठी जबाबदारी दिली नव्हती.

आणि मग शाळा आली. आबा कित्येक वर्षं आसपासच्या शाळांना अर्ज पाठवत होते: ‘विषय: सरपटणाऱ्या प्राण्यांची ओळख, विनामूल्य’. उत्तर एकाच शाळेतून आलं, आंदर मावळातल्या एका लहानशा गावातून. तिथे त्या हंगामात लोकांनी लागोपाठ तीन धामणी मारल्या होत्या, म्हणून तिथल्या बाईंनी बोलावलं. आबांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चार तक्ते रंगवले. तक्ते धरायला मी. शेवटच्या थांब्यावर एसटीने आम्हाला सोडलं आणि पुढे आम्ही भातखाचरांच्या बांधावरून चालत गेलो. मी वाटेत तीनदा म्हणालो की मी बाहेर व्हरांड्यात थांबतो. शाळेच्या नुसत्या वासानेही माझ्या गुडघ्यांना आठवी आठवते.

वर्गात चाळीसेक पोरं होती आणि मागे निम्मं गाव. काठ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “साप आनलाय न्हवं?”

“न्हाई,” आबा म्हणाले.

“मग काय बघायचं?”

“तक्ते.”

“आरं द्येवा,” असं म्हणून म्हाताऱ्याने तंबाखू काढली.

पण आबा बोलायला लागले आणि तंबाखू हातातच राहिली. पहिला कप्पा झाला. दुसऱ्या कप्प्याला, मगर आपली पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते म्हटल्यावर पोरांचे आ वासले. तिसरा तक्ता मी फळ्याच्या खिळ्याला अडकवला. आबांनी छडी उचलली. “साप, सरडे, घोरपडी, सापसुरळ्या आनि...” आणि फळ्याच्या मागून, वर्षानुवर्षांची शांतता मोडली म्हणून असेल, एक जाडजूड पाल बाहेर आली, तक्त्यावरून सरसर धावली आणि थेट आबांच्या खांद्यावर उतरली.

आबा थिजले. छडी हवेत, तोंड ‘आनि’वर उघडं. रंग असा गेला की चहावाल्या सरड्यालाही जमला नसता. मागून कुणीतरी म्हणालं, “आबा, काय झालं वो?” आणि दुसरा कुणीतरी हसायला लागणार होता. ते हसू त्याच्या घशाशी आलेलं मला दिसलं. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. मी एकदा त्याच्यासमोर उभा राहिलो होतो.

“कुणी हलू नका!” हे कोण ओरडलं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. मीच होतो. “बघा! आबांकडं बघा. मुद्दाम उभे आहेत ते. कुठलाही सरपटणारा प्राणी अंगावर आला तर काय करायचं? काहीच नाही करायचं! हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही, काठी शोधायची नाही. दगडासारखं उभं राहायचं. आबांची पापणी तरी हलतेय का?”

“न्हाई!” चाळीस पोरं म्हणाली.

“आबांना पापणी आहे म्हणून ती हलवता येते. पालीला पापणीच नाही. मग डोळ्यात धूळ गेली तर ती काय करते? जिभेनं डोळा पुसते!” बोलता बोलता माझ्या हातात खडू आला होता. मी फळ्यावर पाल काढली. तिच्या बोटांखाली केसाहून बारीक केस असतात म्हणून ती छताला चिकटते. तिची शेपूट तुटते ती शत्रूला फसवायला. आणि ती सापाच्याच कप्प्यातली असून तिला कुणी काठीने मारत नाही, मग धामणीने काय घोडं मारलंय? हे सगळं आबांनीच मला तीन वर्षं सांगितलेलं होतं. पालीचं तेवढं मी घरच्या पत्र्याखाली पाहिलेलं आणि मोबाइलवर शोधलेलं. मग मी तक्ता खिळ्यावरून काढला आणि अलगद आबांच्या खांद्याला लावला. पाल दोन क्षण विचार करून तक्त्यावर चढली आणि नेमकी तिसऱ्या कप्प्यात, घोरपडीशेजारी जाऊन बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा म्हणाला, “गडी दगुड हाय दगुड. डोळा बी लवला न्हाई.” मी पाल खिडकीबाहेर सोडली. आबा सावकाश खुर्चीत बसले आणि पाण्याचा तांब्या संपवला.

चौथा तक्ताही मलाच लावावा लागला. मी टुआटाराचं सांगितलं, लांबची बेटं, बाकीचे सगळे संपलेले. पहिल्या रांगेतली एक शेंबडी पोरगी उठून उभी राहिली. “सर, त्यो येकलाच हाय व्हय त्या कप्प्यात?”

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणालं होतं. “हो,” मी म्हणालो.

“मग त्येला करमतं का?”

आता हे आबांनी मला शिकवलेलं नव्हतं. मागून खुर्चीतून आबांचा आवाज आला, अजून थोडा कापरा. “पयल्यांदा न्हाई करमत. मंग कुनीतरी रोज इचारत बसतं, करमतंय का, करमतंय का. त्याला कंटाळून करमाया लागतं.”

आठवड्याभराने त्या गावातून फोन आला. गोठ्यात धामण निघाली होती, कुणी काठी उचलली नव्हती, सगळे दगडासारखे उभे होते आणि आता पाय दुखायला लागले होते, तर आबांनी लवकर यावं. आबा पावतीपुस्तक घेऊन निघाले. मी कामावरून आलो तेव्हा माझ्या दारावरची चिठ्ठी बदललेली होती. ‘खोली, मागील, इतर’.

आता मी दिवाळीला दहा दिवस गावाकडे जातो. मावशी फोनवर सांगतात की त्या दहा दिवसांत आबा आंघोळ अंगणात करतात, तुळशीशेजारी, थंडीत कुडकुडत. विचारलं की म्हणतात, ऊन घेतोय. आणि रोज संध्याकाळी, ओट्यावर बसायच्या वेळेला बरोबर, माझा फोन वाजतो. मी आमच्या अंगणात असतो. आई चुलीपाशी असते, पत्र्याखाली माझ्या ओळखीच्या पाली चुकचुकत असतात, सगळं जिथल्या तिथे असतं.

“करमतंय का रं तितं?” आबा विचारतात.

मी आईकडे पाहतो, आवाज जरा खाली करतो, आणि खरं तेच सांगतो.

“न्हाई, आबा.”